टक वाजत नाही

“टक वाजत नाही,” एलिएसेर काकांनी बॉनेटवर बोट आपटलं. आठवड्यात चौथ्यांदा.

“काका, नाहीच वाजणार. जन्मात वाजणार नाही,” मी म्हणाले. हातातली मक्याची अरेपा केव्हाच गार झाली होती, डोकं तेवढं तापलं होतं. कोलंबियातल्या बारांकिया शहराच्या या रस्त्यावर बावीस वर्षं गाड्यांचे एसी दुरुस्त करतेय, पण इतका हट्टी टॅक्सीवाला पाहिला नाही.

“जुन्या गाडीत वाजायचं.”

“जुना कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद व्हायचा, म्हणून. हा बंद होतच नाही. आत एक तिरकी तबकडी आहे. ऊन वाढलं की ती जास्त कलते, दट्ट्ये लांब पल्ला मारतात. गाडी गार झाली की ती सरळ होते, पल्ला आखूड. काम कमी करतो, थांबत नाही. मग टक येणार कुठून, माझ्या कपाळातून?”

“मग गार का लागत नाही?”

“मागे बसलेल्या बायका शाली मागतात तुमच्याकडे.”

“बायकांचं सोड. मी हात धरून बघतो.”

एसीचे झरोके त्यांनी कायम स्टिअरिंगवरच्या हातांकडे वळवलेले. गार झोत तोंडावर बसला की तोंड वाकडं होतं, असं त्यांची आई सांगायची. सत्तरी आली तरी ते भूत काही उतरलं नव्हतं.

मी वैतागून बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं, थोडा वेळ चालू दिलं. “या दोन नळ्या बघा. जाड नळीला घाम फुटलाय, ती गार. बारीक आहे ती कडकडीत तापलेली, बोट टेकवून लगेच काढायचं. एक गार, एक गरम, म्हणजे कॉम्प्रेसर ठणठणीत. बघा आणि मला मोकळं करा.”

काकांनी बारीक नळी मुठीत धरली. धरूनच राहिले.

“दोन्ही सारख्याच तर आहेत,” ते म्हणाले.

मी त्यांचं मनगट खेचलं. तळव्यावर लाल पट्टा उठला होता. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसे ते त्याच्याकडे बघत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला, लाज तेवढी उरली.

“रक्तात साखर आहे?” हातावर पाणी ओतत मी विचारलं.

“आहे थोडी.”

“आणि पाय?”

“ब्रेक लागला की आवाजावरून कळतं मला. कुणाला सांगू नकोस, येनिस. घरी बसून मी काय करू?”

मी किल्लीसाठी हात पुढे केला.

“उद्या सकाळी शाळेची पोरं न्यायची आहेत मला.”

“म्हणूनच द्या, काका.”

गाडी मी चालवली. चव्वेचाळीस वर्षं टॅक्सी हाकलेला माणूस शेजारच्या सीटवर पाहुण्यासारखा आखडून बसला होता. दोन सिग्नल गेले. मग त्यांनी भाजलेल्या हाताने झरोका चाचपला आणि हळूच आपल्या तोंडावर वळवला.

“गार आहे,” ते म्हणाले.