औमा लोइसाची झुडपं

वॉल्विस बे बंदर कोणाचं, यावर दक्षिण आफ्रिकेचं प्रिटोरियातलं आणि नामिबियाचं विंडहुकमधलं सरकार कितीतरी महिने बोलत होतं. बंदराचं काय व्हायचं ते होवो, औमा लोइसाला, म्हणजे लोइसा आजीला, त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण त्या सकाळी दोन्हीकडचा एकेक साहेब कुइसेब नदीच्या कोरड्या पात्रात तिच्याच झुडपांपाशी येऊन उभा राहिला. प्रिटोरियाच्या फुरीने कागद वाचला, "येथून समुद्रापर्यंत निव्वळ वाळू. मालक कोणी नाही."

"मग ही झुडपं काय तुझ्या बापाने लावली?" औमाने विचारलं. नारा या खरबुजासारख्या रानफळाची ती काटेरी झुडपं तिच्या आईकडून आलेली. वर्षभराचं खाणं त्यांवरच. दुसऱ्या घरातलं माणूस विचारल्याशिवाय त्यांना हात लावत नसे.

"रानटी आहेत, औमा. सह्या होईपर्यंत ती आमची," फुरी म्हणाला.

"आमचीच होती, आमचीच राहतील," विंडहुकचा शिवुते म्हणाला.

"काट्यांत हात तरी घातलाय का रे दोघांपैकी कोणी?"

फुरीने हक्क दाखवायला एक फळ तोडलं. शिवुते मागे कसा राहील? त्याने त्याहून मोठं तोडलं, आणि दोघांनी तिथंच खायला सुरुवात केली. औमाला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की कच्चा नारा तोंड भाजून काढतो.

दुसऱ्या घासाला दोन्ही सरकारांची वाचा बसली.

"पाणी," फुरी कसाबसा म्हणाला.

"पाण्याने जळजळ आणखी चढेल. याला बकरीचं दूध लागतं." तिने दोन मग भरले आणि स्वतःच्या मांडीशी ठेवले. "आधी लिहा. ही झुडपं लोइसाच्या घराची, तिच्यामागे तिच्या लेकींची."

दोघांनी आपापल्या कागदावर भराभर लिहिलं. औमाला अक्षर ओळखता येत नव्हतं, माणूस येत होता. तिने दोन्ही कागद घेतले आणि याचा त्याला, त्याचा याला दिला.

"आता एकमेकांचं वाचा."

सुजल्या ओठांनी फुरीने मोठ्या आनंदाने वाचलं, "...सरकारची परवानगी असेपर्यंत."

"आणि यानं लिहिलंय," शिवुते बोबड्या जिभेने म्हणाला, "झुडपं घराची, खालची जमीन सोडून."

औमाने एक मग उचलून त्यातला मोठा घोट स्वतःच घेतला.

"आज बकरीनं दूध जरा कमीच दिलंय," ती म्हणाली.

दोघांनी एकदमच पेन काढलं. महिनोन्‌महिने एका ओळीवर न जमलेल्या त्या दोन सरकारांनी आपापली जास्तीची ओळ खोडली.