सासूबाईंनी दिलेला क्यू

बायकोला फसवणारा नवरा पडद्यावर रंगवताना नायकाला फारशी मेहनत पडली नाही. घरचा सराव दांडगा होता. नायिका त्याची खरीखुरी बायको. शूटिंग अर्ध्यावर आलं तेव्हा तो वेशभूषाकार बाईंकडे राहायला गेला आणि जाताना स्वतःची आई मात्र बायकोकडेच ठेवून गेला. सासूबाईंना कुणी छेडलंच, तर म्हणायच्या, "मुलगा गेला म्हणून मी का हलू? माझा पलंग इथे आहे."

आज सिनेमाचा शेवटचा प्रसंग होता. बायकोला नवऱ्याचं गुपित कळतं आणि ती त्याला जाब विचारते. सकाळी नायकाचे क्लोजअप झाले. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून नायिकेने त्याला क्यू म्हणून समोरची वाक्यं दिली, अगदी जीव ओतून. मग तिच्या क्लोजअपची वेळ आली, तसं साहेबांचं डोकं दुखायला लागलं. गाडीत बसून पसार!

त्याची वाक्यं सहायकाने वाचली. "तू. थकली. आहेस." स्टेशनवरची घोषणा परवडली. नायिकेचा चेहरा कोरडा ठणठणीत. दुसऱ्या टेकलाही तेच.

दिग्दर्शकाने तिला बाजूला घेतलं. "हे बघ, संध्याकाळी सेट मोडायचाय. सुतार येऊन बसलेत. नसेल जमत, तर त्याच्याच क्लोजअपवर संपवू पिक्चर."

म्हणजे फसवणार तो, आणि शेवटचा मानही त्याच्याच थोबाडाला! हिच्या वाट्याला पाठमोरे हुंदके.

"एक टेक दे," ती म्हणाली खरी, पण समोर उभं कोण राहणार?

"आण तो कागद इकडे." सुनेचा डबा घेऊन आलेल्या सासूबाई कोपऱ्यातून उठल्या.

"आई, तुम्ही?"

"त्याला बोलायला मीच शिकवलंय. चष्मा दे माझा."

त्या कॅमेऱ्याला खेटून स्टुलावर बसल्या.

"तू थकली आहेस," लोणी लावलेला आवाज, शेवटी अर्धी जांभई. हुबेहूब तो! "तुला ना, सगळीकडे संशयच दिसतो." नायिकेच्या जबड्याची शीर उडाली. कागदावरचं संपलं, पण सासूबाई कुठल्या थांबायला? छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आईची शपथ!"

नायिकेला हसू फुटलं. लिहिलं होतं रडणं. ती मात्र पोटातून, मोकळं हसली. हसू ओसरलं तसं तिने शांतपणे आपलं वाक्य टाकलं, "किल्ली ठेव आणि नीघ." डोळ्यांत टिपूस नाही, आवाजात कंप नाही.

दिग्दर्शकाला कट म्हणायचं भानच राहिलं नाही. शेवटी एका सुताराने टाळी वाजवली आणि सगळा सेट दणाणला.

"हाच शेवट! हाच चेहरा!" दिग्दर्शक ओरडला.

"आणि सरांचे क्लोजअप?" सहायकाने विचारलं.

"त्याची पाठ वापरू. पाठ चांगली आहे त्याची."

नायिकेने धावत जाऊन सासूबाईंना मिठी मारली.

"अगं, हो हो! अजून एकदा खोटं बोलायचं असेल तर आत्ताच सांग. गळा मस्त तापलाय."