सत्तावीस नंबरचा खांब

तुम्ही खोटं बोललात. कागदावर, सही-शिक्क्यानिशी आणि माझ्या आईच्या पाठीखालच्या जमिनीबद्दल. ‘सदर घराखाली खांब क्रमांक सत्तावीस सुस्थितीत आहे’ असं तुमच्या कोळसा कंपनीचं पत्र म्हणतं. तो खांब नाही. तुमच्याच हुकमावरून माझ्या बापाने तो कापला.

ज्यांनी खाण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीखालून कोळसा काढताना सगळा काढत नाहीत. मध्ये मध्ये कोळशाचेच खांब ठेवतात, खोलीएवढे रुंद, वरची जमीन पेलायला. मग एक दिवस हाव सुटते आणि मागे मागे सरकत तेही कापायचं ठरतं. कापताना छताला लाकडी टेकू लावायचे. शेवटी टेकू ओढून काढायचे, छत मुद्दाम पाडायचं, पोकळी बुजवायची. टेकू लावायचं आणि काढायचं काम बाबांचं. छताला काठी ठोकून ते आवाजावरून सांगायचे, भरीव की पोकळ. म्हणून त्यांचं नाव पडलं ठोक्या. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तर असेल.

खाणीतले लोक म्हणतात, लाकूड बोलतं. ओझं आलं की करकरतं. लोखंड मुकं, न सांगता दगा देतं. म्हणून जुन्या माणसांचा नियम होता: बोलत्या टेकूला हात लावायचा नाही. बोलतोय तोवर पेलतोय. गप्प झाला की मागे न बघता पळायचं.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या वस्तीशेजारी उघडी खाण सुरू केलीत. रोज दुपारी सुरुंग. आधी विहीर आटली. मग कोपऱ्यावरचं झाड वाळलं, तेही मुळाकडून वर. मोरीतून जळक्या काडेपेटीसारखा वास यायला लागला. थंडीत आमच्या स्वयंपाकघराची फरशी कोमट झाली. आईने तिथेच खाट हलवली. तिचे गुडघे धरलेले, चार पावलं चालवत नाही. म्हणाली, चला, फुकटचा शेक मिळाला. मांजरही तिथेच पसरायचं. मग एक दिवस ते उठून गेलं, ते परत त्या खोलीत आलं नाही.

त्यानंतर आवाज सुरू झाला. सुरुंग उडून गेला की थोड्या वेळाने फरशीखालून करकर. मला वाटलं घूस असेल. बाबांनी ऐकलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन जुन्या खाणीच्या बुजवलेल्या तोंडाशी गेले. डोळे मिटले आणि पावलं मोजत निघाले. खाली अंधारात ते असेच चालायचे, दिवा विझला तरी चुकायचे नाहीत. एकशे दहा सरळ, डावीकडे चाळीस. वाटेत कुणाच्या घराची भिंत आली की मी वळसा घालून त्यांना पलीकडे उभं करायचो. शेजारचा ट्रकवाला त्याच्या अंगणातून म्हणाला, “ठोक्या, सुनेने घराबाहेर काढलं की काय?” बाबा थांबले नाहीत. शेवटची सोळा पावलं आमच्या दारातून आत गेली. काठी आईच्या खाटेच्या पायाला लागली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“इथे मी नऊ टेकू सोडून आलो होतो,” ते म्हणाले.

मग एकेक बाहेर आलं. खांब कापून झाला होता, त्याचा कोळसाही वर गेला होता. टेकू काढायच्या वेळी नऊच्या नऊ एकदम बोलायला लागले. बाबांनी नियम पाळला, हात लावला नाही, वर निघून आले. छत पाडायचं राहिलं. छत का पाडलं नाही अशी साहेबांकडून विचारणा नको म्हणून मुकादमाने वहीत लिहून टाकलं, खांब कापलाच नाही. तेव्हा वर ओसाड माळ होता. पुढे नकाशात खांब दिसला म्हणून तुम्ही त्यावर वस्ती बांधलीत, आणि त्यातलं घर मिळालं ठोक्याला.

पोकळी राहिली, तुमच्या सुरुंगांनी भेगा पडून तिच्यात हवा शिरली, उरलेला कोळसा पेटला. टेकू मात्र चाळीस वर्षं तसेच उभे.

आम्ही अर्ज केला. तुमचा साहेब नकाशा घेऊन आला. म्हातारपणी डोक्यात गोंधळ होतो, म्हणाला. आईने खाटेवरूनच विचारलं, “तुमचा नकाशा हाताला गरम लागतो का हो?” मी म्हटलं, निदान एक भोक पाडून बघा. गरज नाही, म्हणाला. आणि जाताना बजावलं, स्वतःहून घर सोडलं तर दुसरं मिळणार नाही.

म्हणून राहिलो. बाबा रोज दुपारी फरशीला कान लावून आवाज मोजायचे. नऊ होते. मग सात. मग चार. गेल्या आठवड्यात एकच उरला. बाबा त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे. काय, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

मंगळवारी सुरुंग झाला. बाबा वाकून होते. बराच वेळ गेला. ते उठून म्हणाले, “गप्प झाला.”

मी, माझी बायको, बाबा आणि ट्रकवाला, अशा चौघांनी खाट उचलली. “अरे, अजून जिवंत आहे मी,” आई म्हणाली. गल्लीच्या टोकापर्यंत कुणी मागे बघितलं नाही.

घर पडलं नाही. तेच सहन होत नाही. ते उभं आहे. तासाभराने खिडकीतून झाकणाचा खडखड आवाज यायला लागला. आईच्या खाटेखाली असायचं ते पिण्याच्या पाण्याचं भांडं आतच राहिलं होतं, ते उकळत होतं. खाली चूल नव्हती.

संध्याकाळी तुमचा साहेब आला. म्हणाला, बघा, घर शाबूत आहे, परत जा. मी म्हटलं, आईचा चष्मा आत राहिलाय, खिडकीत, तेवढा आणून द्या. त्याने एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. बुटाचा तळ चिकटला. त्याने पाय काढून घेतला, रबराचा वास सुटला, आणि तो गाडीकडे गेला.

आज चौथा दिवस. आई गल्लीत खाटेवर आहे, चष्म्याशिवाय. तुमच्या नकाशात आमच्या रांगेखाली असे अकरा खांब आहेत, आणि बाकीच्या दहा घरांत माणसं अजून राहतात.

सत्तावीस नंबरचा खांब आहे की नाही? आहे म्हणत असाल तर आत जा आणि चष्मा घेऊन या. कोण येतंय, कधी येतंय, ते लिहून कळवा.