पहिल्या गुऱ्हाळाचा गूळ

तुरुंगाच्या अधीक्षकांचं पत्र त्र्यंबकगुरुजींकडे महिनाभर उत्तराविना पडून होतं. त्यांचा जुना विद्यार्थी, उचगावचा आकाराम, जेलरच्या जागेसाठी उमेदवार होता. मॅट्रिक झालेला, उंची-छाती नियमात बसलेली. राहिला होता फक्त गुरुजींचा वर्तणुकीचा दाखला. पण तुरुंगाच्या किल्ल्या याच्या हाती द्याव्यात का, हे गुरुजींना ठरवता येईना.

त्यात आज तो गुळाची ढेप घेऊन दारात आला. आज देणारा उद्या कैद्यांकडून घेणार नाही कशावरून?

"दाखल्यासाठी आणलास?"

"न्हाई गुरुजी, पयल्या गुऱ्हाळाचा हाय. परत न्हेला तर आय घरात घ्यायची न्हाई की!"

आतून गुरुजींच्या पत्नी माई कडाडल्या, "अहो, दरसाल आणतो तो! पुस्तकातून डोकं वर काढाल तर दिसेल."

गुरुजी ओशाळले. संध्याकाळी गुळाचा खडा चघळत ते स्वतः दाखला टपालपेटीत टाकून आले.