दुसऱ्या गिअरचे दाते

रत्नमालाचे पाय गेले त्याला दोन वर्षं झाली होती. विहिरीवर पाइप ओढताना ती कठड्यावरून मागं कोसळली, पाठ दगडावर आदळली आणि कमरेखालचं सगळं थांबलं. त्याआधी सगळ्या पिशोर गावात ट्रॅक्टर चालवणारी ती एकटीच बाई होती. नदीपलीकडचं तीन एकर रान तिच्या नावावर होतं, आणि ते तीच नांगरायची, तीच त्यात अद्रक लावायची. नवरा, पुंजाराम, शेंद्र्याच्या एका कंपनीत कामाला. आठवड्याच्या सुट्टीला तेवढा घरी यायचा.

चाकाची खुर्ची ओट्यापर्यंत जात होती. रान मात्र पात्रापलीकडं, आणि पात्रात घोटाघोटा वाळू. कुणीतरी सुचवलं म्हणून तीनचाकी स्कूटर आणली, ती दहा पावलांत रुतली. तेव्हापासून पुंजारामचे थोरले भाऊ काकासाहेब रान बघत होते. बघत म्हणजे, कधीमधी बांधावर उभं राहून येत होते.

मग एक दिवस रत्नमालानं मोबाइलवर वाळूत पळणारी गाडी पाहिली. नुसत्या लोखंडी पाइपांचा सांगाडा, चार रुंद चाकं, सीटमागं मोटारसायकलचं इंजिन. तिनं तो व्हिडिओ वीसदा पाहिला. सुट्टीला आलेल्या पुंजारामला म्हणाली, "मला शहागंजात न्या."

शहरात, शहागंजात, गयासभाईंचं गॅरेज होतं. तीस वर्षं त्या माणसानं मोटारसायकलींच्या गिअरबॉक्सशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता. रत्नमालाचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "ताई, बनवून देतो. क्लच, रेस, गिअर, ब्रेक, सगळं हातात देतो. पण एक सांगून ठेवतो, हा गिअरबॉक्स दोन चाकांसाठी बनलाय. चार चाकांचा भार किती दिवस उचलंल, त्याची जबान मी देत नाही."

"तुम्ही बनवा," ती म्हणाली.

दीडशे सीसीचं जुनं इंजिन बसवून दोन महिन्यांत गाडी तयार झाली. टेम्पोतून ती पिशोरात उतरली तेव्हा पोरंसोरं गोळा झाली. रत्नमाला दोन वर्षांनी आपल्या हातानं आपल्या रानात गेली. मातीचं ढेकूळ उचलून बराच वेळ कुस्करत बसली. रडली नाही. तिथल्या तिथं ठिबकच्या नळ्या कुठं फुटल्यात ते मोजलं आणि परत आली.

चौथ्या दिवशी भर पात्रात कडाड आवाज झाला. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. डोक्यावर ऊन, जवळ पाण्याची बाटली तेवढी. दोन तासांनी काकासाहेब बैलजोडी घेऊन आले. त्यांनी गाडीला दोर बांधला आणि जवळच्या वाटेनं न नेता पेठेतून ओढत नेली. थोरले दीर म्हणून ते तिच्याशी कधी सरळ बोलत नसत. घरासमोर त्यांनी पुंजारामला फोन लावला आणि तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पुंजा, तिला सांग, गमजा झाल्या तेवढ्या पुरं. दुचाकीचं इंजिन ते, बैलानं नांगर ओढल्यासारखं कसं ओढंल? पाडव्याला रान मी शेजारगावच्या कारभारीला बटाईनं देतोय."

रत्नमाला सीटवरून म्हणाली, "दादा, मी इथंच बसलेय. मला सांगा की."

काकासाहेबांनी बैल वळवले.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा शहागंजात होती. गयासभाईंनी इंजिन खोलून दुसरा गिअर तिच्या तळहातावर ठेवला. तीन दाते गायब होते.

"मी बोललोच होतो," ते म्हणाले. "वजन झेपलं नाही. रिक्षाचं इंजिन टाकू, नाहीतर सोडून द्या ताई. तुम्हाला रानात अडकवून ठेवणारी गाडी माझ्या नावावर नको."

रत्नमालानं गिअर उजेडाकडं धरला. उरलेल्या दात्यांवरून बोट फिरवलं. "हे दाते झिजलेत का?"

"नाही. नव्यासारखे आहेत."

"मग वजनानं कसा गेला? वजनानं जायचं तर आधी सगळे झिजले असते. हे तीन एकदम कडकन मोडलेत. ट्रॅक्टरचा रोटर फिरवणारा पीटीओ शाफ्ट असाच मोडतो, झटका बसला की."

गयासभाईंनी तिच्या हातातून गिअर घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि तुटलेली कड डोळ्यांजवळ नेली.

"तुम्ही वाळूत गाडी कशी उचलता?"

"दुसऱ्यावर. रेस वाढवते अन् क्लच एकदम सोडते. हळू सोडलं की इंजिन बंद पडतं."

"तौबा," गयासभाई म्हणाले.

"चूक माझीबी हाय. पण बंद का पडतं ते सांगा. ट्रॅक्टर एवढा जड, तो पहिल्यावर बोटानं उचलतो. त्याचं इंजिन फिरतं दहादा तेव्हा चाक जरासं फिरतं. हिचं चाक लई लवकर फिरतं. गिअरला वजन कुठं कळतंय गयासभाई, त्याला एवढंच कळतं की इंजिन पुढं ढकलतंय अन् चाक मागं ओढतंय."

तीस वर्षं गिअरबॉक्स खोलणाऱ्या माणसाला हे एका गिऱ्हाइकाकडून ऐकावं लागलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ते उठले, बाहेर जाऊन चहा सांगितला, आणि परत येऊन समोरच्या फरशीवर खडूनं आकृती काढायला लागले.

"इंजिन अन् मागच्या अक्षाच्या मधी अजून एक शाफ्ट टाकू. दोन चेन. आत्ता चाकाला जोर तिप्पट मिळतो, तो सहापट होईल. गाडी मात्र सायकलीएवढीच पळंल."

"मला कुठं शर्यत लावायचीय?"

"मागच्या स्प्रॉकेटमधी, चेनच्या चक्रात, रबरं बसवावी लागतील, मोटारसायकलच्या हबमधी असतात तशी. झटका रबर खाईल, दाते वाचतील. ती मी टाकलीच नव्हती." हे शेवटचं वाक्य ते खडूकडं बघत बोलले. "अन् ऑइल. मोटारसायकलीत इंजिन अन् गिअर एकाच ऑइलवर चालतात. तिथं इंजिनाला वारा लागतो, इथं ते सीटमागं कोंडलंय. ऑइल जळून पाण्यासारखं पातळ होतं. एक पंखा लावतो. पण ऑइल तुम्हाला वेळेवर बदलावं लागंल, विसरून चालणार नाही."

"अन् मी पहिल्यावरच उचलीन."

"ते तर लिहून द्या मला," गयासभाई म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

गाडी परत आली ती पाडव्याच्या आधी तीन आठवडे. रत्नमाला रोज सकाळी सहाला पात्रात उतरायची. जायचं, यायचं, पुन्हा जायचं. पहिले आठ दिवस लोक काठावर उभे राहायचे, मग कंटाळून गेले. ती मात्र कानानं गाडी चालवत होती. गिअर पडताना आवाज बदलला की थांबायची. एकदा चेन उतरली. पुंजारामची सुट्टी होती, त्यानं ती चढवली. म्हणाला, "रत्ना, दादाला नको ना दुखवू."

"मी माझ्या रानात चाललेय. दादांच्या अंगावरून नाय चाललेय," ती म्हणाली.

पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी ट्रॅक्टरला नांगर जोडून आला. काकासाहेब त्याच्याबरोबर होते. रानात शिरायला एकच वाट, दोन बांधांच्या मधून जाणारी, एका गाडीपुरती. त्या वाटेवर रत्नमालाची गाडी उभी होती, तोंड ट्रॅक्टरकडं करून.

कारभारी शेजारच्या गावचा, भला माणूस. खाली उतरून म्हणाला, "वहिनी, जरा गाडी मागं घ्या."

"हिला मागं जायचा गिअरच नाय, कारभारीभाऊ. मोटारसायकलचं इंजिन हाय, ते पुढंच जातं."

ती खोटं बोलत नव्हती. रिव्हर्स बसवू का, असं गयासभाईंनी विचारलं होतं. तिनंच नको म्हटलं होतं, आणखी एक गिअर म्हणजे तुटायला आणखी एक जागा.

काकासाहेब कारभारीकडं बघून म्हणाले, "माणसं बोलव. उचलून बाजूला ठेवू."

"उचला," रत्नमाला म्हणाली. "माझ्यासकट उचला. पण आधी कारभारीभाऊ, मला एक सांगा. बटाईचा करार कुणाशी केला? सातबारा बघितला का? त्यावर काकासाहेब लिहिलंय का रत्नमाला पुंजाराम?"

कारभारीनं काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेब नदीकडं बघत होते.

"दादा म्हणाले, घरातलंच हाय," कारभारी हळूच म्हणाला.

"घरातलंच हाय. घरात मीबी हाय. रानात येता येत नव्हतं तवर गप बसले. आता येता येतंय. यंदा अद्रक मी लावणार. नांगरट तुम्हीच करा, भाड्यानं. कुठून कुठवर ते मी सांगते, माझ्यामागं या."

एवढं बोलून तिनं पहिला टाकला, क्लच हळूहळू सोडला. वाट सोडून गाडी डाव्या बांधावर चढली. बांध चांगला गुडघाभर उंच. मागची चाकं क्षणभर माती उकरत राहिली, दोन्ही चेन ताणल्या, काकासाहेबांची मान आपोआप वळली. कडाड आवाज काही झाला नाही. गाडी बांध ओलांडून रानात उतरली आणि गोल वळसा घेऊन थांबली. कारभारीनं थोडा विचार केला, ट्रॅक्टरवर चढला आणि तिच्यामागं निघाला. काकासाहेब वाटेवर एकटेच राहिले. थोड्या वेळानं धोतराला लागलेली धूळ झटकत ते पात्राकडं चालू लागले.

त्यानंतर ते रत्नमालाशी बोलले नाहीत. पुंजारामशीसुद्धा महिनाभर नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, पण तिनं वाट बघितली नाही. अद्रकाचे बेड, मातीचे उंच वाफे, तिनं सीटवर बसून दोरी धरून आखून घेतले. पावसात पात्राला पाणी आलं की पुलावरून लांबचा फेरा घ्यायची. ऑइल वेळेवर बदलायची, तारीख भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायची.

दिवाळीनंतर गयासभाई स्वतः पिशोरला आले. अंगणात पोतं अंथरून त्यांनी गिअरबॉक्स खोलला. दुसरा गिअर पुसून बोटांत फिरवला. दाते शाबूत होते. पण मधल्या शाफ्टची एक बेअरिंग खरखरत होती.

"हिचं काही खरं नाही," ते म्हणाले. "आज ना उद्या ही जाईल."

"मग आजच बदला," रत्नमाला म्हणाली. "अन् बदलताना मला दाखवा, पुढच्या वेळी मीच बदलीन."

गयासभाईंनी पान्यांची पेटी सरकवून तिच्या खुर्चीजवळ आणली.