मुदत संपलेला तांदूळ

दारूबंदी खात्यात मी एकतीस वर्षं काढली, ती नाकाच्या जोरावर. नदीपलीकडच्या उसात पुरलेलं गूळ-नवसागराचं रसायन मी अलीकडून, वारा उलटा असताना ओळखायचो. एकदा सर्दीने डावी नाकपुडी बंद होती, तरी उजवीने तीन भट्ट्या पकडल्या. चौथी निसटली, कारण ती डाव्या हाताला होती.

हे सगळं मी सुनेला सांगितलं, ही माझी चूक. माझा उदय जपानात गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. नागोयापासून दोन तासांवरच्या एका डोंगरी गावात राहतो. त्याची बायको अनघा तिथल्या टाउन हॉलमध्ये पार्टटाइम जाते. तिने माझं नाक तिथे जाहीर केलं.

जपानच्या उत्तरेकडच्या मोठ्या भूकंपाला पाच वर्षं झाली, त्या मार्चमधली गोष्ट; मी तेव्हा मुलाकडे राहायला गेलो होतो. चौकीचे हवालदार कुमागाई-सान आमच्या दारात येऊन कमरेत वाकले. त्यांना निनावी पत्र आलं होतं, की टाउन हॉलमध्येच कोणीतरी चोरून दारू बनवतंय. जपानात दुकानात दारू हवी तेवढी मिळते, पण विनापरवाना स्वतः आंबवलीत आणि तिच्यात मद्यार्क एक टक्क्याच्या वर गेला, की गुन्हा. ऐकून मला तर पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं.

"मोरेश्वर-सान, तुमचं नाक जरा मिळेल का?" अनघाने मराठी करून सांगितलं.

आम्ही तिघे निघालो. मी खोलीखोलीतून हुंगत गेलो. नगराध्यक्षांच्या कपाटाला फक्त कलपाचा वास येत होता. तो मी जाहीर केला नाही.

शेवटी मागच्या अंगाला आपत्तीचं कोठार. भूकंपानंतर गावाने ते बांधलं आणि पाणी, घोंगड्या, तांदळाची पाकिटं भरून ठेवली. सांभाळणारे ओइकावा-सान, साठीचे, हात पँटच्या शिवणीला चिकटवून उभे. दार उघडायच्या आधीच मला कळलं. आंबट, उग्र वास. पंचनाम्यात हे शब्द इतक्यांदा लिहिलेत, की माझं पेन ते आपोआप लिहायचं. घोंगड्यांमागे निळा ड्रम होता.

कुमागाई-सान पुढे पाण्याचे खोके हलवून बघत होते. अनघा माझ्या कानाशी आली.

"बाबा, तुम्हाला कळलंय ना?"

"मला? शेजारच्या गावालाही कळलं असेल."

"तांदळाची मुदत संपली. तो कुठल्या कचऱ्यात टाकायचा यावर तीन मीटिंगा झाल्या, निर्णय नाही. आणि ओइकावा-सानांची बहीण तिकडे उत्तरेत, भूकंपात तीन दिवस उपाशी होती हो. ह्यांच्याने तांदूळ फेकवेना, म्हणून आंबवला. पंधरा दिवसांनी रिटायर होतायत. सापडले तर बडतर्फ. चाळीस वर्षं पाण्यात, वर पेपरात नाव."

"तुला कसं ठाऊक एवढं?"

"मी चमचाभर चाखलीय."

"अनघा!"

"हसत बोला बाबा, ते बघतायत."

कुमागाई-सान वही काढून समोर आले. "काही वास?"

ओइकावा-सानांनी डोळे मिटले. एकतीस वर्षांत मी खोटा पंचनामा केला नव्हता. म्हणजे निदान एवढा मोठा नाही.

"येतोय की," मी म्हणालो. "आंबोळीच्या पिठाचा."

अनघा लगेच जपानीत सुरू झाली: आमच्याकडे तांदूळ आंबवून खातात, रविवारच्या आपत्ती-सरावात परदेशी रहिवाशांचं खाणं दाखवायचंय, त्याचीच ही तयारी, म्हणत तिने घोंगड्या सारून ड्रम दाखवला.

"ड्रमभर?"

"आमच्याकडे पाहुणे फार येतात," मी सांगितलं.

कुमागाई-सानांनी ड्रमात डोकावून पाहिलं, मग ओइकावा-सानांकडे, मग माझ्याकडे. "करून दाखवा."

अनघा घरी धावली. उडदाचं पीठ, तांदळाचं पीठ, मेथीची पूड, मीठ, असेल नसेल ते आणून तिने ड्रमात कालवलं. कोठारात सरावासाठीचा गॅस आणि टेबलाएवढा लोखंडी तवा होताच. पहिली आंबोळी फाटली. दुसरी तव्याला अशी चिकटली, की ती सरकारी मालमत्ता झाली. "बाबा, तेल!" अनघा ओरडली. तिसरीला मात्र जाळी पडली, कडा कुरकुरीत झाल्या आणि वाफ अशी उठली, की छपरावरचा कावळा उतरून खालीच बसला.

तोवर दाराशी रांग लागली. जपानी माणूस आधी रांगेत उभा राहतो आणि कशाची ते नंतर विचारतो. हिशेब खातं आलं, पाणीपुरवठा आला, नगराध्यक्ष दोनदा आले. ओइकावा-सान घाम पुसत पीठ ओतत होते, मी उलटत होतो. चारशे बारा आंबोळ्या झाल्या आणि ड्रम खडखडीत रिकामा झाला.

कुमागाई-सानांनी सात खाल्ल्या. त्यांचे कान टोमॅटोसारखे लाल झाले. मग त्यांनी वहीत लिहून मोठ्याने वाचलं, "संशयित पदार्थ: खाद्य. शिल्लक: नाही." ओइकावा-सानांपुढे ते खोल वाकले. "चाळीस वर्षं फार कष्ट घेतलेत." ओइकावा-सानही वाकले, ते बराच वेळ वर उठलेच नाहीत.

बाहेर येऊन हवालदारांनी सायकलचं कुलूप काढलं, एक पाय पेडलवर ठेवला आणि थांबले.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"इथे पिऊन सायकल चालवणं हाही गुन्हा आहे, बाबा."

कुमागाई-सानांनी पाय खाली घेतला, टोपी सरळ केली आणि सायकल हाताने ढकलत, चौकीपर्यंतचा सगळा चढ चालत गेले.