दुसरा रिमोट

सुभाष देवरुखकरला शेजारच्यांचा मत्सर वाटत होता. शेजारी पुरुष असता तर एक वेळ भांडता तरी आलं असतं. पण त्याच्या पोटात दुखत होतं ते हंसाबेनवरून. समोरच्या ब्लॉकमधल्या, साठीला टेकलेल्या, गुडघे धरून जिना चढणाऱ्या, सणासुदीला वाटीभर गोड आणून देणाऱ्या हंसाबेन! अशा बाईवर जळायचं म्हणजे माणसाने किती खाली यावं, हे सुभाषला कळत होतं. कळून उपयोग काय, जळायचं काही थांबत नव्हतं.

सगळ्याचं मूळ एक व्हिडिओ गेम. गिरगावातली खोली सोडून देवरुखकर मंडळी मिरारोडला, हाटकेशच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आली, आणि नव्या जागी मुलाला, नीरजला मित्र नाहीत म्हणून सुभाषने तो भाईंदर स्टेशनबाहेरच्या दुकानातून आणला. मित्र पंधरवड्यात झाले. नीरज बॅट घेऊन खाली पळाला तो परत त्या डब्याकडे फिरकलाच नाही. एका दुपारी बायकोने, सुचेताने तो डबा पुसायला म्हणून उचलला, कॅसेट बाहेर काढली, नीरज मारायचा तशी तिच्यात जोरात फुंकर मारली, परत बसवली आणि खटका दाबला. तिथून सुभाषच्या घरात हंसाबेनचं राज्य सुरू झालं.

म्हणजे सुरुवातीला सुचेता एकटीच खेळायची. रात्री ताट वाढता वाढता सुभाषला सगळं सांगायची. तिला विटांचा गेम आवडायचा. वरून वाकड्यातिकड्या विटा पडतात, त्या फिरवून फटीत बसवायच्या, आडवी ओळ भरली की ओळच नाहीशी. "गिरगावात तुमच्या आईचे हंडे, ट्रंका आणि शिलाई मशीन एका माळ्यावर बसवलंय मी इतकी वर्षं," ती म्हणायची, "पण तिथे काही नाहीसं होत नव्हतं हो. इथे नीट लावलं की जागा मोकळी. इतकं बरं वाटतं ना!" सर्कशीचाही आवडायचा, सिंहावर बसून जळत्या कड्यांतून उडी मारायचा. तो काशीमिऱ्याला हायवे ओलांडण्यासारखाच आहे, असं तिचं मत होतं. एकदा निघालं की निघायचं, घाबरून मध्येच थांबलेला मेला.

तोपर्यंत सुभाषला मौज वाटत होती. बायको वेडी आहे, असं तो ऑफिसात डबा खाताना कौतुकाने सांगायचा. मग सुचेताला रणगाड्यांचा गेम सापडला, आणि तो दोघांनी खेळायचा होता.

पडद्याच्या तळाशी, मधोमध, विटांच्या कुंपणात एक पाखरू बसलेलं असतं. वरून शत्रूचे रणगाडे उतरत राहतात. पाखराला गोळी लागली की खेळ खलास, मग तुमचा रणगाडा कितीही धडधाकट असो. म्हणून एकाने पुढे जाऊन मारायचं, दुसऱ्याने पाखराशी थांबायचं. "बाकीच्या गेममध्ये मेलं तर आपलं एकटंच मेलं," सुचेता म्हणाली. "ह्यात कुणीतरी ओरडतं हो, मागे बघ, मागे बघ म्हणून."

ते ओरडणारं कुणीतरी म्हणजे हंसाबेन. विरजण मागायला आल्या होत्या, दुसरा रिमोट रिकामा दिसला, बसल्या. दुसऱ्या दिवशी विरजण न मागताच आल्या.

त्यानंतर जेवताना गेमच्या गोष्टी कमी झाल्या आणि हंसाबेनच्या वाढल्या. आज हंसाबेनने एकटीने पाखरू वाचवलं. हंसाबेन पाखराला कबूतर म्हणतात. हंसाबेनचं म्हणणं, सगळ्या स्टेज संपल्या की शेवटी ते कबूतर उडून जातं. सुभाष भात कालवत ऐकायचा आणि हूं हूं करायचा. त्यात एकदा खालच्या मजल्यावरच्या सुगंधाकाकू जिन्यात भेटल्या. "दुपारचं काय हसतात हो तुमच्या मिसेस! अगदी खालपर्यंत ऐकू येतं. बरं वाटतं."

सुभाषच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सुचेता हसते? खालपर्यंत ऐकू येईल इतकं? गिरगावात भिंतीला भिंत, सासूसासरे पडद्यापलीकडे, म्हणून ती तोंडाला पदर लावून हसायची, तेही लग्नाच्या नव्या नवलाईत. पुढे तेही आटलं. इथे येताना सुभाषने मनाशी धरलं होतं, आता स्वतःचं दार आहे, आता ही मोकळी हसेल. आणि ती हसली. फक्त तेव्हा तो चर्चगेटच्या ऑफिसात फायली चाळत होता.

त्या रविवारी त्याने दुसरा रिमोट उचलला. "चल, मी पण खेळतो."

सुचेताला आनंद झाला. खराच झाला, असं त्याला वाटलं. पहिल्याच डावात तो जोशात मागे वळला आणि त्याने स्वतःच्याच गोळीने पाखरू उडवलं. "अहो, घर आपलंच आहे!" सुचेता म्हणाली, पण रागावली नाही. हळूहळू त्याला जमू लागलं. एकेक स्टेज संपली की पडद्यावर हिशेब यायचा, डाव्या बाजूला सुचेताने किती रणगाडे मारले, उजव्या बाजूला सुभाषने. तिसऱ्या रविवारपासून उजवा आकडा मोठा येऊ लागला, आणि मग मोठाच येत राहिला.

त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हटलं ना, गुडघे धरणाऱ्या म्हातारीबरोबर खेळत होती म्हणून कौतुक, खरा गडी मिळाला नव्हता! लवकरच पाखरू उडायचं हे खरं, पण तोवर उजवा आकडा मोठा असायचा. "छान खेळता हो तुम्ही," सुचेता म्हणायची. हसायची मात्र नाही. सुभाष स्वतःची समजूत घालायचा, हळूहळू हसेलही.

मग एका बुधवारी मोठ्या साहेबांचे वडील गेले, आणि ऑफिस दुपारीच सुटलं. सुभाष जिना चढून वर आला. उकाड्यामुळे आतलं दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं तेवढं बंद. त्याने बेलला हात लावला नाही.

आत दोघी टीव्हीला नाक लावून बसल्या होत्या. अडॅप्टर तापू नये म्हणून त्याच्यावर टेबलफॅन सोडला होता. "सुचेताबेन, पाछळ जुओ, पाछळ! कबूतर गयुं!" हंसाबेन ओरडल्या. "नाही जात! तुम आगे जाव, ये मेरेको छोडो!" सुचेता ओरडली, आणि तिचा रणगाडा असा काही फिरला की सुभाषला तो ओळखूच येईना. एक इकडे मारला, एक तिकडे, हंसाबेनच्या पुढ्यातला त्यांच्या आधी मारला, आणि ती डोकं मागे टाकून हसली. हंसाबेन तिच्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, "चोर! वो मेरा था!" स्टेज संपली. हिशेब आला. डावीकडचा आकडा उजवीकडच्याच्या दुप्पट होता.

सुभाष जाळीबाहेर चपला हातात धरून उभा होता. कुणी तोंडात मारावी तसं झालं त्याला. ही बाई त्याच्याबरोबर खेळताना पाखराशेजारी गरीब गाईसारखी उभी असायची. समोरचा रणगाडा हिला दिसत नव्हता थोडाच! ती त्याला जिंकू देत होती. लहान मुलाला किंवा जावयाला देतात तसं. तो आल्या पावली खाली उतरला आणि संध्याकाळपर्यंत स्टेशनकडे उगाच हिंडून नेहमीच्या वेळेला घरी आला.

रविवारी तो रिमोट घेऊन बसला आणि म्हणाला, "आज खरं खेळ."

"म्हणजे काय? खरंच खेळते की मी."

"सुचेता, मी बुधवारी दारात उभा होतो."

ती रिमोटच्या वायरचा पीळ सोडवत बसली. मग म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटू दे. खेळ."

ती खेळली. सुभाषचे सगळे रणगाडे थोड्याच वेळात संपले, दुसरा रिमोट त्याच्या मांडीवर मेल्यासारखा पडून राहिला. सुचेता एकटी पुढे जात राहिली. हळूहळू ती त्याला विसरली. पदर खोचला, खाली पाय दुमडून बसली, ओठ चावत, मध्येच स्वतःशी "ये, ये, तुलाही बघते" म्हणत. एका अवघड जागी दोन रणगाडे एकदम उडाले आणि ती खळखळून हसली. अगदी हातभर अंतरावर. सुभाषला इतके महिने जे हवं होतं ते मिळालं, आणि त्यात त्याचा काही संबंध नव्हता.

तिने खेळ मध्येच थांबवला. डोळे चमकत होते. "अहो, इथपर्यंत आम्ही कधी आलोच नव्हतो! हंसाबेनना बोलवा ना, पटकन. त्यांना बघू दे!"

सुभाष उठला. पॅसेजमध्ये आला. समोरचं दार नुसतं लोटलेलं होतं, आतून फोडणीचा वास येत होता आणि हंसाबेन काहीतरी गुणगुणत होत्या. बेलवर बोट ठेवायचा अवकाश, त्या हातातलं टाकून धावत आल्या असत्या. त्याच्या जागेवर बसल्या असत्या. त्याचा मेलेला रिमोट त्यांच्या हातात जिवंत झाला असता. त्याला मग तिथे कुठे उभं राहायचं हेही कळलं नसतं.

तो परत आत आला आणि दार ओढून घेतलं. "कुलूप आहे."

"कुलूप? आत्ता?" सुचेताचा चेहरा उतरला. "देवळात गेल्या असतील." तिने खेळ पुढे सुरू केला. पण आता ती ओठ चावत नव्हती. डावीकडून एक रणगाडा रमतगमत खाली आला. तो तिला दिसला, आणि तिला दिसल्याचं सुभाषला दिसलं. पाखरू उडालं.

"चला, आपण पहिल्यापासून खेळू," ती म्हणाली. सुभाषने दुसरा रिमोट उचलला. आपण किती नीच आहोत असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. जागा त्याची होती.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. दाराबाहेरून हंसाबेनचा खणखणीत आवाज आला. त्या आपल्या नवऱ्याला जेवायला हाक मारत होत्या.

सुचेताचा अंगठा थांबला. तिने वळून सुभाषकडे पाहिलं. सुभाष टीव्हीकडे बघत राहिला, मान वळवायची त्याची छाती झाली नाही. कान मात्र तापून लाल झाले होते. ती आता काय बोलेल ते सगळं त्याने मनात ऐकून घेतलं, आणि ते सगळं त्याला मान्य होतं.

वरून एक रणगाडा सरळ तिच्या समोर उतरला, एका गोळीच्या अंतरावर. सुचेताने आपला रणगाडा हळूच बाजूला घेतला.

"मारा," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच सोडलाय."